आधीचं रक्त

जितेंद्र गिरासे धुळ्याहून दारावर आले तेव्हा अंगणातल्या सतरंजीवर आसोद्याचे नवलकाका एकटेच बसले होते. दारावर आलेल्या माणसानं काय करायचं हे ठरलेलं असतं. बसायचं, पाणी प्यायचं, गेलेल्या माणसाबद्दल दोन बरे शब्द बोलायचे आणि चहाची वाट न बघता उठायचं. गिरासे सरांनी पहिल्या तिन्ही गोष्टी नीट केल्या. बाई फार कष्टाळू होत्या, विद्यार्थ्यांवर जीव टाकायच्या, असं त्यांनी काकांना सांगितलं. काकांनी मान हलवली. मग उठायच्या ऐवजी सरांनी बाईंच्या मुलीला, हेमांगीला, जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"बेटा, बाईंनी केळीच्या कामासाठी सशाचं सीरम तयार केलं होतं. ते कुठे असेल, काही कल्पना?"

हेमांगीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला नाही. बघते, म्हणाली.

"घाई नाही," सर म्हणाले, आणि लगेच, "पण या महिन्यात मिळालं तर बरं."

गाडी वळून गेल्यावर काकांनी विचारलं, कोण होता हा. आईचे साहेब, ती म्हणाली.

"भला मानूस दिसतो. येवढ्या लांबून आला."

हेमांगीनं तांब्या विसळून पालथा घातला. आई गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं आणि आताही आलं नाही. पण काहीतरी जागेवर बसलं. घरभर पडलेल्या दुःखाला एकदम एक तोंड मिळालं, आणि ते तोंड धुळ्याच्या दिशेला होतं.

आई म्हणजे डॉ. ज्योती भंगाळे. जळगावच्या एका कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवायची. वडील हेमांगी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात या दोघी आणि पुस्तकं. जेवताना आई आपलं काम सांगायची, ती इतक्या साध्या शब्दांत, की हेमांगीला ते शाळेत असल्यापासून पाठ होतं. पेशीतल्या डीएनएची नक्कल उतरते, तिला आरएनए म्हणायचं. ती नक्कल रायबोसोम नावाचं यंत्र तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरून वाचतं आणि त्यातून प्रथिन बनवतं. पण पुष्कळसे लांबलचक आरएनए असे असतात, की त्यांच्यात प्रथिनाचा मजकूरच नाही असं मानलं गेलं. का मानलं? तर मजकूर शंभर शब्दांहून लहान असला तर तो धरायचा नाही, असं संगणकावर काम करणाऱ्यांनी सोयीसाठी ठरवलं म्हणून. ही रेघ माणसांनी ओढली आहे, आई म्हणायची, पेशीला ती कोणी दाखवलेली नाही.

जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की केळीची बाग करपल्यासारखी होते. आसोद्याच्या बागेतून आईनं अशा दिवसांतली पानं आणली आणि त्यांत तिला एक लांब आरएनए सापडला, थंडीत भरमसाट वाढणारा. पुस्तकी व्याख्येप्रमाणे त्यात काही मजकूर नव्हता. आईला मात्र त्यात चाळीसेक शब्दांचा एक तुकडा दिसला, आणि त्या तुकड्यावर रायबोसोम येऊन बसलेलेही दिसले. तिनं हे विभागातल्या चर्चासत्रात मांडलं. गिरासे तेव्हा विभागप्रमुख होते.

त्यांनी आक्षेप घेतला तो खरं तर चुकीचा नव्हता. बस थांब्यावर थांबली म्हणजे कोणी उतरलंच असं होत नाही, ते म्हणाले. रायबोसोम नुसताच बसला असेल. प्रथिन कुठे आहे ते दाखवा. आई स्वतः हे वाक्य पुढे घरी कितीदा तरी सांगायची आणि बरोबर आहे म्हणायची. पण गिरासे तिथे थांबले नाहीत. नॉन-कोडिंगला मराठीत काय म्हणावं, असा त्यांनी सगळ्यांसमोर विचार केल्यासारखा केला, आणि म्हणाले, "वांझ आरएनए. आणि वांझेला पोर झालं म्हणतायत भंगाळे मॅडम. बारशाला बोलवा म्हणजे झालं."

खोली हसली. त्या दिवसापासून आई त्या कॉलेजात बारशाच्या बाई झाली. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, मस्टरवर सही करताना, कोणीतरी हटकून विचारायचंच, काय मॅडम, बारसं कधी. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना बारसं कशाचं हे माहीतही नव्हतं.

आईनं उत्तर म्हणून सशाचं सीरम केलं. तो चाळीस शब्दांचा तुकडा प्रयोगशाळेत बनवून घेतला, औषधनिर्माण कॉलेजच्या प्राणिघरातल्या सशाला टोचला. सशाचं रक्त तो परका तुकडा ओळखायला शिकतं, आणि मग त्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, साक्षीदारासारखं वापरता येतं. केळीच्या पानाच्या अर्कात तो तुकडा असेल तर सीरम त्याला धरतं आणि फिल्मवर काळी पट्टी उमटते. पण साक्षीदार खरा की खोटा हे तपासायला आणखी एक नळी लागते. टोचण्याच्या आधी त्याच सशाचं काढलेलं रक्त. आधीच्या रक्तानंही तीच पट्टी उमटली, तर ती त्या सशाची मुळातली खोड समजायची आणि साक्ष रद्द धरायची.

आईनं नंतरच्या रक्तानं पट्टी काढली. छान काळी आली. आधीच्या रक्ताची पट्टी काढायच्या आत गिरासेंनी तिची बदली पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांवर केली आणि यंत्रं दुसऱ्या खोलीत हलवून त्या खोलीची किल्ली स्वतःकडे घेतली. आईनं भांडण केलं नाही. दोन्ही नळ्या घरी आणल्या, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या. एकीवर तिनं लिहिलं होतं 'आ', दुसरीवर 'नं'. आधी आणि नंतर. वीज गेली की आई त्या डब्याभोवती बर्फाच्या पिशव्या लावायची. त्यानंतर ती निवृत्त झाली, आजारी पडली आणि गेली. गिरासे धुळ्याला प्राचार्य झाले.

आणि आता जगाचं मत हळूहळू फिरलं होतं. अशा आरएनएंमधून छोटी छोटी प्रथिनं निघत असल्याचे शोध कुठून कुठून येत होते. सगळ्यांतून नाही, काहींतून, आणि त्यांतलीही किती कामाची आणि किती नुसती बनून मोडून जाणारी यावर वाद होता. पण वारा फिरला होता. गिरासेंनी आईचाच आरएनए आपल्या एका विद्यार्थिनीला दिला होता. तिला रायबोसोम बसलेले दिसले होते. अडलं होतं ते प्रथिनापाशी.

सूड हा शब्द हेमांगीनं पुस्तकांत पुष्कळ वाचला होता. तिथे तो नेहमी मोठ्या आवाजात यायचा. तिच्याकडे तो फ्रीजरमध्ये होता, मटाराच्या पिशवीशेजारी.

सरांची विद्यार्थिनी सीरम न्यायला जळगावला आली. रिद्धी तिचं नाव, धुळ्यातल्या मारवाडी कापडवाल्यांच्या घरातली, बोलायला मऊ आणि नजरेनं चौकस. दारात चपला काढताना तिनं आईच्या फोटोला हात जोडले. हेमांगीनं तिला 'आ' नळी दिली. केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये हेमांगी गेली आठ-दहा वर्षं काम करत होती. आपण काय करतो आहोत हे तिला नेमकं कळत होतं. टोचण्याच्या आधीचं रक्त. यानं काहीच उमटणार नाही. सर फिल्म उजेडात धरतील आणि ती कोरी असेल. पुन्हा काढतील, पुन्हा कोरी. ज्या कोरेपणाकडे बोट दाखवून त्यांनी सगळ्यांना आईवर हसायला लावलं, त्याच्याकडे बघत बसतील. आई बरोबर होती हे तिला माहीत होतं आणि ते त्यांना कधीच मिळू नये, एवढंच तिला हवं होतं.

रिद्धीनं नळी बोटांत धरून फिरवली. "आ म्हणजे काय, ताई?"

"आसोदा. ससा तिथला होता."

"गाडीच्या पाटीवर तर असोदा लिहिलंय. आत्ता स्टँडवर दिसलं."

"आई आसोदाच लिहायची. आम्ही सगळे तसंच म्हणतो."

रिद्धी हसली. मग सहज विचारलं, "आणि प्री-इम्यून? मॅडमनी ठेवलं असेल ना, टोचायच्या आधीचं?"

"नाही राहिलं ते," हेमांगी म्हणाली.

खोटं इतकं सरळ निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. रिद्धीनं बर्फाचा डबा बंद केला, जिना उतरताना वळून परत एकदा हात जोडले.

फोन आला तेव्हा हेमांगी लॅबमध्ये बाटल्यांतली केळीची इवली रोपं मोजून बघत होती. गिरासेंचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका तो मोकळा होता.

"पट्टी आली, बेटा. नेमकी जागेवर. थंडीतल्या पानात ठळक, साध्या पानात फिकट." मग थोडं थांबून ते म्हणाले, "बाई बरोबर होत्या."

या वाक्यासाठी आई बारा वर्षं जगली असं म्हटलं तर ते खोटं ठरलं नसतं. ते वाक्य आता हेमांगीच्या कानात होतं. सर पुढे बोलत होते. धुळ्याला परिसंवाद आहे, तिथे मांडणार आहे, तू यायचंच. बाईंचे आभार मानणार आहे. तिनं हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर तिला त्याचा अर्थ लागला. आधीच्या रक्तानं पट्टी आली होती. ज्या सशानं तो तुकडा कधी पाहिलाही नव्हता, त्याच्या रक्तानं. म्हणजे साक्षीदार खोटा होता, पहिल्यापासून. आईची ती छान काळी पट्टी कदाचित त्याच खोट्या साक्षीची होती.

हळूहळू आणखी एक गोष्ट तिच्यापर्यंत आली. किल्ली गिरासेंकडे होती हे खरं. पण आईच्या ओळखी पुण्यात होत्या, औरंगाबादला होत्या, पुढे तर खुद्द हेमांगीच्याच लॅबमध्ये ते यंत्र आलं. एका दुपारचं काम होतं. बारा वर्षांत आईनं ते केलं नाही. वीज गेली की बर्फ लावला, पण नळी उघडली नाही. तिला शंका आली असेल का? की शंका येऊ नये म्हणून डबा बंद ठेवला? हे विचारायला आता घरात कोणी नव्हतं.

गप्प राहिलं तर आईचं बरोबर ठरत होतं. गिरासेंच्या नावाखाली का होईना, ठरत होतं. गिरासेंना पाडायचं तर आईला हात धरून त्यांच्याबरोबर खाली न्यावं लागणार होतं. हेमांगी हे दोन्ही तोलत राहिली, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना. परिसंवादाच्या सकाळी तिनं 'नं' नळी थर्मासमध्ये बर्फात ठेवली, पुरावा म्हणून, आणि धुळ्याच्या बसमध्ये बसली. उतरेपर्यंत तिचं काहीच ठरलं नव्हतं.

ठरवलं ते गिरासेंनी. भाषण चांगलं झालं. ते नेहमीच चांगलं बोलायचे. लांब आरएनएंना आपण निरुपयोगी समजत होतो, त्यांच्यातून प्रथिनं निघतात की नाही हा या काळाचा मोठा प्रश्न आहे, आणि खानदेशच्या केळीनं त्याला उत्तर दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर काळी पट्टी आली. सभागृहातून कौतुकाचा आवाज निघाला. मला पहिल्यापासून अंदाज होता, ते म्हणाले. मग हसत, "तेव्हा आमच्या विभागात एक थट्टा चालायची, बारसं कधी म्हणून. तर मंडळी, आज बारसं आहे."

प्रथिनाला त्यांनी नाव दिलं ते आपल्या गावाचं. शेवटच्या स्लाइडवर आभार होते. महाविद्यालय, विद्यापीठ, पत्नी, चिरंजीव, आणि तळाला, कै. श्रीमती ज्योती भंगाळे, सीरमसाठी. डॉक्टर हा शब्द नव्हता.

हेमांगी उठून उभी राहिली. प्रश्नांना अजून सुरुवात व्हायची होती, पण तिच्याकडे बघून गिरासेंनीच माइक द्यायला सांगितलं. बाईंची कन्या, ते सभागृहाला म्हणाले.

"सर, प्री-इम्यूनची पट्टी दाखवली नाहीत."

"ते उपलब्ध नव्हतं. तुला तर माहीतच आहे."

"तुम्ही वापरलंत ते तेच होतं."

कोणाला काही कळलं नाही. गिरासेंनाही नाही. ते हसले. "आ म्हणजे आसोदा, असं सांगितलंस ना रिद्धीला?"

"आ म्हणजे आधी," हेमांगी म्हणाली. "ही पट्टी टोचण्याच्या आधीच्या रक्ताची आहे. टोचल्यानंतरचं माझ्याकडे आहे, इथे."

सभागृहात विज्ञानाचीच माणसं होती. अर्थ लागायला वेळ लागला नाही. पहिल्या रांगेतल्या पुण्याच्या पाहुण्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर अजून आभारच होते, आणि ती काळी पट्टी आता कशाचीच नव्हती. मागे कोणीतरी हळूच हसलं. हेमांगीनं गिरासेंच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश पाहिलं. आईनं त्या दिवशी चर्चासत्रात काय पाहिलं असेल ते सगळं तिला तिथे दिसलं, आणि तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

पण गिरासे अनुभवी होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुझी आई चुकली होती. वांझ हा माझा मूळ शब्दच बरोबर होता."

"तेही ठरत नाही, सर. त्या आरएनएतून प्रथिन निघत असेल, नसेलही. या सीरमला ते सांगता येत नाही, एवढंच ठरलं. आईचं काही ठरलं नाही आणि तुमचंही नाही."

ती खाली बसली. अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

बाहेर व्हरांड्यात लोक दोन-तीनच्या घोळक्यांत उभे होते आणि गिरासेंच्या भोवती मोकळी जागा राहिली होती. तिच्या जवळून जाताना ते क्षणभर थांबले. व्यासपीठावरची भाषा गळून पडली होती, घरची अहिराणी वर आली होती.

"बठ्ठं वाटोळं करी टाकं तू, पोरी."

तिला आणखी काही नको होतं. मग तिला खांबाशी उभी असलेली रिद्धी दिसली. रडून झालेलं होतं. चेहरा धुतलेला होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं, ताई," रिद्धी म्हणाली. "प्री-इम्यून आहे का, सरळ विचारलं होतं."

हेमांगी एवढंच म्हणाली की हो, विचारलं होतंस. गिरासेंसाठी तिनं मनात पुष्कळ वाक्यं तयार ठेवली होती. या मुलीसाठी एकही नव्हतं. तीन वर्षं, रिद्धी म्हणाली, तीन हिवाळे मी पहाटे बागांमधून पानं आणली. ती ओरडत नव्हती. हिशेब मागितल्यासारखीही बोलत नव्हती. नुसतं सांगत होती. मग तिनं हात पुढे केला.

"दुसरी द्या."

"सरांचं नाव त्यावर लागणार नसेल तर देते."

"अट नको. दोन्ही शेजारी शेजारी लावते. जे येईल ते येईल. नंतरच्यानंही तेवढीच आली तर मॅडम चुकल्या. जास्त आली, वेगळ्या जागी आली, तर अजून काहीतरी आहे, मग नवीन सीरम करायचं, पुढे जायचं. मला बघायचंय फक्त."

हेमांगीनं थर्मास उघडला. बर्फ बराच वितळला होता. नळीवरचं 'नं' आईच्या अक्षरातलं, टिंब जरा जास्तच मोठं. ती नळी तिनं हातात धरून ठेवली. बंद होती तोवर तिच्यात आई चुकलेली नव्हती. आता तिला कळलं की आईनं बर्फ कशाला लावला. मग तिनं नळी रिद्धीच्या हातावर ठेवली आणि रिद्धीनं मूठ मिटली, आभार न मानता, आणि प्रयोगशाळेच्या जिन्याकडे चालू लागली.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पारोळ्याला गाडी थांबली, दोघं-तिघं उतरले, भुईमुगाच्या शेंगावाला चढला आणि तसाच उतरला. हेमांगी रिद्धीच्या फिल्मचा विचार करत होती. पट्टी वेगळी यावी, असं तिला वाटत होतं. रिद्धीला दोन्ही सारखंच होतं. पुण्याच्या पाहुण्यांना उद्या आठवणारही नव्हतं. आई बरोबर निघावी असं मनापासून वाटणारी जगात आता दोनच माणसं उरली होती. एक या बसमध्ये होती. दुसरे जितेंद्र गिरासे होते, त्यांचंही बारसं आता त्याच नळीवर अडलं होतं, आणि तेही या क्षणी धुळ्यात, त्या जिन्याच्या तोंडाशी, तीच वाट बघत बसले असणार.